नकाशात बंद झालेली गल्ली

आमची गल्ली एकाच बाजूने उघडी आहे. मागे नाला, डाव्या हाताला एका बंद पडलेल्या कंपनीची लांबलचक भिंत, उजव्या हाताला आम्हा सगळ्यांची घरं, आणि समोर गल्लीचं तोंड. त्या तोंडातून आत शिरलेला माणूस त्याच तोंडातून बाहेर पडतो, दुसरी सोय नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन गावं आता एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेली. त्यातल्या नेमक्या कुठल्या गावात ही गल्ली आहे ते मी सांगणार नाही. मला अजून तिथेच राहायचंय, आणि माझं पोटही तिथल्याच पालिकेच्या नकाशावर चालतं.

म्हणजे मी पालिकेचा माणूस नाही. पालिकेने ज्यांना काम दिलं त्यांचा मी माणूस. कामही सोपं सांगता येतं. ड्रोन आकाशातून शहराचे फोटो काढतो, ते फोटो चौकोनाचौकोनाने आमच्या कॉम्प्युटरवर येतात, आणि आम्ही त्यांच्यावर माउसने रेघा ओढतो. हे घर, हा रस्ता, हा नाला, हा दिव्याचा खांब. चांगली डिग्री घेतलेला मी, पण पात्रता म्हणून दोन डोळे आणि उजव्या हाताचं एक बोट एवढंच आता शिल्लक आहे.

सुरुवातीला गल्लीत मी फार मिरवलो. "आता सगळं वरून दिसतं," मी आईला सांगितलं. आई तेव्हा टाकीपाशी पाण्याची वाट बघत उभी होती. म्हणाली, "मंग वरून बघ ना, पानी कुटं अडकलाय."

आणि खरं सांगायचं तर तेही दिसायला लागलं होतं. स्टेशनपलीकडच्या एका चढावरच्या वस्तीत कित्येक वर्षं पाणी चढत नव्हतं. जुन्या पाइपलाइनी नकाशावर घेतल्या तेव्हा कळलं की मधला एक व्हॉल्व्ह डांबराखाली गाडला गेलाय आणि सगळे त्याला विसरलेत. खणून काढला, पाणी चढलं. दिव्यांच्या खांबांना नंबर मिळाले. आधी कुणी "पिंपळाजवळचा दिवा गेलाय" अशी तक्रार केली की वायरमन भलत्याच पिंपळाखाली जाऊन वर बघत बसायचा. हे सगळं आमच्या रेघांमुळे झालं, असं मी लग्नाच्या बोलणीतही सांगितलं होतं. मुलीकडच्यांना त्यातलं फारसं काही कळलं नसावं, पण नकार आला नाही.

मग नकाशा घंटागाडीला लागला. म्हणजे प्रत्येक कचरागाडीच्या ड्रायव्हरला एक मोबाईल दिला. त्यात त्याचा रस्ता, आणि रस्त्यावर लाल ठिपके. गाडी ठिपक्यावरून गेली की ठिपका हिरवा होतो. सगळे हिरवे झाले की फेरी धरली जाते. पूर्वी गाडी ज्या गल्लीत वजनदार माणूस राहतो तिथे दोनदा जायची आणि बाकीच्यांकडे सणासुदीला. आता ते बंद झालं. शहरात पहिल्यांदाच गरिबाच्या दारात गाडी येऊ लागली.

फक्त आमच्या दारात यायची बंद झाली.

पहिल्या दिवशी गाडी मोठ्या रस्त्यावर गल्लीच्या तोंडाशी आली, ओला-सुका वेगळा ठेवा अशी टेप वाजवली आणि पुढे गेली. मला वाटलं, विसरला. दुसऱ्या दिवशी मी बनियनवरच बादली घेऊन मागे धावलो.

"ओ भाऊ! आत या की!"

ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "आत कुठे?"

"आत म्हणजे गल्लीत. काल-परवापर्यंत येत होतात."

त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "ही बघा. आहे का तुमची गल्ली? नाय. ठिपका नाय तर फेरी नाय, फेरी नाय तर हाजरी नाय. वर ठिपका सोडून आत वळलो तर साहेब विचारतो, गाडी कुठे फिरवत होतास. मी काय करू? तुमची ओळख असेल ना पालिकेत, तर नकाशेवाल्याला पकडा एक दिवस. कानाखाली द्या माझ्याकडून पण."

मी हो म्हटलं. बादली घेऊन परत आलो. नकाशेवाला बनियनवर होता, त्यामुळे ओळखला गेला नाही.

त्याच सुमारास माझी बायको सातव्या महिन्यात माहेरी गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात ठरलेलं. तिचं माहेर वांगणीच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला. ती रिक्षात बसली तेव्हा गल्लीच्या तोंडावर कचऱ्याचा पहिला थर बसला होता. तिने नाकाला पदर लावला, रिक्षातून बाहेर वाकून ढिगाकडे बघितलं, आणि मला काहीच बोलली नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तरी तिच्या न बोलण्याची मला भीती वाटायला लागली होती.

बोलली ती फोनवर. आमच्या शेजारच्या घरातली पोर आदल्या पावसाळ्यात डेंग्यूने हॉस्पिटलात पडली होती. तिचा सुईने काळानिळा झालेला हात बायकोने बघितला होता. "तुम्हाला एकच सांगते," ती म्हणाली. "बाळाला घेऊन मी त्या ढिगावरून येणार नाही. ज्या दिवशी घंटागाडी आत येईल, त्या दिवशी मी येईन. नाहीतर तुम्ही इकडे या राहायला. बाबांना भातलावणीला माणूस हवाच आहे."

मी हसलो. ती हसली नाही.

ऑफिसात जाऊन मी आमच्या भागाचा नकाशा उघडला. गल्लीच्या तोंडावर, जिथून मी रोज स्कूटर बाहेर काढतो तिथे, एक इमारत उभी होती. लांबट, भिंतीपासून घरांपर्यंत पसरलेली, एका बाजूला कुणीतरी घास घेतल्यासारखी खाच. तिला रीतसर इमारत क्रमांक होता. तिच्यामागे आमची घरं, त्यांच्यामागे नाला. रस्ता कुठेच नव्हता. नकाशाप्रमाणे आम्ही सगळे भिंत, नाला आणि ती इमारत यांच्यात कोंडलेले होतो. आत कसे आलो हे कुणाला सांगता आलं नसतं.

"हे कुठल्या गाढवाने काढलंय?" मी मोठ्याने म्हणालो.

आमची टीम लीडर उल्हासनगरची. बारीक चणीची, सिंधी, दिवसभर पापड खात काम तपासणारी. तिने मान वर केली. "क्या हुआ साईं?"

"अहो, रस्त्यावर इमारत! डोळे फुटले होते का त्याचे?"

"होगा कोई," ती म्हणाली आणि पापड मोडला.

"सापडला पाहिजे तो."

"सापडेल, सापडेल," ती म्हणाली. तेव्हा तिच्या आवाजात मला सहानुभूती वाटली होती.

आता तुम्ही म्हणाल, स्वतः नकाशेवाला, पुसून टाकायची ती रेघ. पण एकदा नकाशा मंजूर होऊन वर गेला की आमच्या हातात पुसायचं रबर राहत नाही. बदलाची विनंती करावी लागते. मी केली. कॉम्प्युटरने विचारलं, इमारतीची सद्यस्थिती काय? पर्याय तीन. आहे. बांधकाम चालू आहे. पाडली.

"नव्हतीच कधी" असा पर्याय नव्हता.

मी लीडरला बोलावलं. तिने स्क्रीनकडे बघितलं. "हां, ये तो है. जो है ही नहीं, उसका ऑप्शन कोण ठेवणार? और एक रास्ता है वैसे, डिजिटायझिंग एरर, म्हणजे रेघ ओढतानाची चूक. पण त्याला कारण लागतं, पुरावा लागतो. उस दिन फोटो में जो दिखा, वो असल में क्या था? बता सकते हो?"

मला सांगता येईना. फोटोत निळसर-करडं छप्पर दिसत होतं. आमच्या गल्लीच्या तोंडावर छप्पर? मी जन्मापासून तिथे राहतो. तिथे छप्पर कधी नव्हतं, आजही नाही. म्हणून शहाण्यासारखं मी "पाडली" दाबलं.

ती विनंती थेट अतिक्रमण विभागात गेली. कारण एवढी मोठी इमारत कुणी पाडली, कुणाच्या हुकमाने पाडली, राडारोडा कुठे टाकला, हे त्यांना नको का कळायला? एक दिवस दोघं जण मोजायची टेप घेऊन आले. मी ऑफिसात होतो. आईने त्यांना खुर्च्या दिल्या, चहा दिला. ते गल्लीच्या तोंडावर, म्हणजे नकाशाप्रमाणे इमारतीच्या बरोबर पोटात बसून चहा पीत होते आणि इमारत कुठे आहे म्हणून आईला विचारत होते.

संध्याकाळी आईने मला दारातच धरलं. "तुजी बिल्डिंग हाय?"

"कसली बिल्डिंग?"

"तेच मी त्यांना बोलले. बोलले, ह्याच्याकडं स्कूटरीला पेट्रोल नसतं, बिल्डिंग कुटली. पन ते बोलले, अर्जावर नाव तुमच्याच पोराचं हाय. आरं, बांदलीस तर बांदलीस, निदान आयशीला दाखवाची तरी."

त्या दोघांनी शेरा लिहिला, जागा आढळून आली नाही. विनंती परत आली. आढळलीच नाही तर पाडली कशी म्हणायची?

मग मी नागरिक होऊन तक्रार केली. पालिकेच्या ॲपवर घराच्या जागी बोट ठेवलं. ॲप म्हणालं, या ठिकाणापर्यंत रस्ता उपलब्ध नाही, कृपया जवळच्या रस्त्यावरील ठिकाण निवडा. मी मोठा रस्ता निवडला. दुसऱ्या दिवशी गाडी मोठ्या रस्त्यावर आली, टेप वाजवली आणि गेली. मला मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. समाधानी असल्यास हसरा चेहरा दाबा.

ढीग वाढत होता. गल्लीतले लोक आधी तोंडावर टाकायचे, मग रात्री गुपचूप नाल्यात. नाला तुंबला, मच्छर वाढले. बाहेर पडताना ढीग, घरात मच्छर, ऑफिसात ती इमारत. मी जिथे जाईन तिथे कुठलीतरी भिंत आडवी. गल्लीतले लोक मला बघितलं की मुद्दाम मोठ्याने बोलायचे, "वरून सगळं दिसतं म्हनं!"

निदान आपल्या घरचा कचरा तरी आपण पुढच्या गल्लीतल्या गाडीत टाकावा, म्हणून मी सकाळी कचऱ्याची पिशवी स्कूटरच्या हुकाला लावायला लागलो. डब्याची पिशवीही तिथेच असायची. दोन्ही एकाच दुकानातल्या, एकाच रंगाच्या. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. त्या दिवशी भरलेल्या वांग्याची भाजी, चपात्या आणि आईने वाटून दिलेला ठेचा घंटागाडीत गेला. आणि दुपारी मी सगळ्यांच्या मध्ये टेबलावर पिशवी उघडली. लीडरने पापड खाली ठेवला. "साईं," ती म्हणाली, "घरात भांडण झालं का?"

बाळ झालं. मुलगी. मी मिठाई घेऊन वांगणीकडे गेलो. कौलारू घर, ओटीवर भाताच्या कणग्या, आत गोधडीत मुलगी. माझ्या एका तळव्यावर तिची दोन्ही पावलं मावत होती. मी तिच्याकडे बघत बसलो, आणि बायको माझ्याकडे.

"आली का गाडी?" तिने विचारलं.

मी गेल्या काही महिन्यांत काय काय केलं ते सांगितलं. पराक्रम म्हणून सांगितलं. ते सांगताना माझ्याच लक्षात आलं की यातून झालं काहीच नाही. म्हणून पुरावा दाखवायला मोबाईलवर नकाशाचा फोटो उघडला. "ही बघ. ही इमारत कुठल्यातरी गाढवाने काढलीय. तिच्यामुळे तू, मी, ही, सगळे अडकलोय."

तिने मोबाईल हातात घेतला. बोटांनी मोठं करून बघितलं. मग तोंडावर पदर धरला. बाळंतिणीने हसू नये असं तिची आई आतून ओरडेपर्यंत ती हसत राहिली.

"अहो," ती म्हणाली, "ही खाच ओळखली नाही तुम्ही? हा सासूबाईंचा शेवगा."

"कसला शेवगा?"

तिने उशीखालचा स्वतःचा मोबाईल काढला. आमच्या हळदीचा व्हिडिओ. माहेरी पडल्या पडल्या तिने तो किती वेळा बघितला होता देव जाणे. आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. गल्लीच्या तोंडापासून आतपर्यंत मांडव, वर ताडपत्री, आठवडाभर जेवणावळी. आणि हल्ली ड्रोनशिवाय हळद होत नाही. फोटोवाल्याचा ड्रोन व्हिडिओत हळूहळू वर गेला, आणि खाली दिसली निळसर-करडी ताडपत्री, भिंतीपासून घरांपर्यंत. एका बाजूला खाच, कारण आईने मांडववाल्याला बजावलं होतं, लगीन पोराचा हाय, शेवग्याचा नाय, फांदी तोडलीस तर बघ.

त्याच आठवड्यात आमच्या डोक्यावर दोन ड्रोन फिरत होते. एक फोटोवाल्याचा, एक सरकारी. सरकारी ड्रोन पावसाच्या आधी, आकाश निरभ्र असताना उडवतात. आमच्याकडे लग्नंही तेव्हाच होतात. हे दोन्ही मला माहीत होतं, पण वेगवेगळं.

"आणि काढलं कोणी हे?" बायकोने विचारलं. "लग्नाच्या रजेवरून आलात तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात ना, आपल्याच भागाचे चौकोन मागून घेतलेत म्हणून?"

मागून घेतले होते. स्वतःचं घर स्वतःच्या हाताने नकाशावर काढायची हौस. घर मी प्रेमाने काढलं, पत्र्याच्या कडेसकट. पण गल्लीचं तोंड शेजारच्या चौकोनात गेलं होतं. तिथे रस्ता दिसत नव्हता, दिसत होतं फक्त छप्पर. आणि आमचा नियम आहे, छप्पर दिसलं की इमारत. त्यात नवीन लग्न, सहाचा ठोका पडला की घरी पळायची घाई. स्वतःच्या हळदीच्या मांडवाला मी खाचेसकट टोकं ठोकून इमारत करून टाकली आणि स्वतःच तिच्यामागे जाऊन बसलो.

मुलगी रडायला लागली. बायको म्हणाली, "बघ गं, बाबांनी आईला यायचा रस्ताच ठेवला नाही."

आता सुटका एकच होती. डिजिटायझिंग एरर, कारण आणि पुरावा. पुरावा म्हणजे तो व्हिडिओ, आणि व्हिडिओत मांडव जेवढा होता त्याहून जास्त मी होतो. मी लीडरला हळूच म्हणालो, फक्त ड्रोनचा तुकडा कापून देतो. ती म्हणाली, "नहीं साईं, पूरा चाहिए. तारीख, जागा, सगळं दिसायला हवं. वरच्या साहेबांना पण बोलावते."

मग खोलीतले दिवे बंद झाले आणि भिंतीवर मी आलो. अर्ध्या चड्डीत, अंगभर हळद, डोक्याला फुलांच्या मुंडावळ्या, आणि मामाच्या खांद्यावर बसून दोन्ही हात हवेत. बेंजोच्या तालावर मामा वाकला की मीही वाकत होतो. एका क्षणी मी कॅमेऱ्याकडे बघून डोळा मारला. पालिकेचे साहेब खुर्चीत पुढे सरकले. मला वाटलं होतं, ड्रोन वर जाईपर्यंत कुणीतरी पुढे ढकलेल. कुणी ढकललं नाही. दार माझ्या मागेच होतं, पण त्याला टेकून शिपाई उभा होता आणि तोही बघत होता.

शेवटी ड्रोन वर गेला. शेवगा, खाच, ताडपत्री. लीडरने शेजारी नकाशा लावला. दोन आकार एकमेकांवर तंतोतंत बसले.

"रेखाटन उत्तम आहे," साहेब म्हणाले. "खाचसुद्धा सोडली नाही."

लीडरने फॉर्ममध्ये माझा लॉगिन आधीच भरून ठेवला होता. "मुझे तो पहिल्या दिवसापासून माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या स्क्रीनवर नाव दिसतं. पण तुम गाढव को ढूंढ रहे थे इतने मन से, मी म्हटलं, शोधू दे."

त्यानंतर आमच्याकडे एक नवीन नियम आला. लग्नसराईत उडवलेल्या फोटोत रस्त्यावर छप्पर दिसलं तर आधी जाऊन बघायचं. त्या नियमाने शहरात आणखी काही मांडव सापडले, ही माझी एकमेव सामाजिक कामगिरी. इमारत उडाली, रस्ता आला, रस्त्यावर लाल ठिपके आले, तोंडावरचा ढीग पालिकेच्या डंपरने उचलला. ड्रायव्हरला मी एव्हाना नकाशेवाला कोण ते कबूल करून माझा नंबर दिला होता. त्याने फोन करून सांगितलं, "भाऊ, दिसतेय तुमची गल्ली. उद्यापासून येतो." मी बायकोला फोन केला. ती म्हणाली, "मग उद्याच निघते. डोळ्यांनी बघू."

एवढं सगळं झालं, पण एक गोष्ट मी केली नाही. आईशी बोललो नाही. मी साहेबांच्या सहीमागे फिरत होतो, आणि आईने मनात ठरवलं होतं की नात पहिल्यांदा घरी येणार, तर दारात सत्यनारायण झालाच पाहिजे, आणि पूजा म्हटली की मांडव. सुनेचा फोन आल्या आल्या तिने मांडववाल्याला बोलावलं. उन्हाळ्याचे दिवस. रात्री मी उशिरा आलो तेव्हा बांबू फक्त भिंतीला टेकवलेले होते, मला काही सुचलं नाही. सकाळी जाग आली ती टेपच्या आवाजाने. ओला-सुका वेगळा ठेवा. माझ्या कानांना त्या आवाजाइतकं गोड काही वाटलं नसेल. मी धावत बाहेर आलो.

गल्लीच्या तोंडावर, भिंतीपासून घरांपर्यंत मांडव होता. वर निळसर-करडी ताडपत्री. शेवग्यापाशी खाच.

पलीकडे घंटागाडी उभी. ड्रायव्हर एका हाताने मोबाईल दाखवत ओरडत होता, "ओ नकाशेवाले! इथे रस्ता दाखवतोय आणि समोर बिल्डिंग आहे! ठिपका आत आहे, जाऊ कुठून?" आणि घंटागाडीच्या मागे, मोठ्या रस्त्यावर, एक रिक्षा अडकली होती. रिक्षावाला हॉर्न मारत होता. आत माझी बायको, मांडीवर गोधडीतली मुलगी.

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माज्याकडं नको बगू. हात लाव."

मी आणि मांडववाल्याच्या माणसाने मधले दोन बांबू उपसले, ताडपत्रीखाली घातले आणि तिला वर ढकललं. गाडी इंचाइंचाने आत आली. ताडपत्री तिच्या टपाला घासत होती, मी बांबू डोक्यावर धरून गाडीबरोबर उलटा चालत होतो. गाडी पहिल्या ठिपक्यावर आली तसा ड्रायव्हर म्हणाला, "हिरवा झाला!" शेजारचे लोक बादल्या घेऊन बाहेर पडले.

मागून रिक्षा आली. बायको उतरली. तिने आधी गाडीकडे बघितलं, मग ताडपत्रीकडे, मग माझ्याकडे. माझे दोन्ही हात वर बांबूला अडकलेले, त्यामुळे मुलगी मला घेता येईना. आईने ओवाळलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि टाकला तो नेमका घंटागाडीत. आता गाडी परत बाहेर काढायची होती, आणि बांबू सोडून चालणार नव्हतं. बायको पोरीला घेऊन माझ्याजवळून आत गेली.

"तिथेच उभे राहा," ती म्हणाली. "हलू नका. वरून कुणी फोटो काढत नाही ना, तेवढं बघा."

मी वर बघितलं. ताडपत्रीशिवाय काही दिसत नव्हतं.